एकतीस घड्याळं आणि अपुरे पत्ते

मालवणच्या बाजारात घड्याळदुरुस्तीचं एक अरुंद दुकान होतं. आत एकच माणूस बसू शके आणि गिऱ्हाईक रस्त्यावरच उभं राही. काचेच्या पेटीमागे आबा बसायचे, उजव्या डोळ्याला आयग्लास लावून. २००९ च्या मे महिन्यात त्यांनी दुकान बंद केलं. मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली होती, नजर बरीचशी परत आली होती, पण हात कापायला लागले होते. कापऱ्या हाताने घड्याळातलं नाजूक चाक, बॅलन्स, बसवता येत नाही.

मी तेव्हा पोस्टमन होतो. दुकान आवरण्याच्या दिवशी त्यांचं शेवटचं टपाल द्यायला गेलो, तर आबांनी फळीखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि माझ्या हातात दिला. आत घड्याळं होती. दुरुस्तीला टाकलेली आणि परत कधीच न नेलेली. मी तिथेच मोजली, एकतीस भरली. प्रत्येकाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूचे तुकडे कापून आबा त्या चिठ्ठ्या करत आणि शिसपेन्सिलीने लिहीत, कारण शाई दमट हवेत पसरते.

"तू पोस्टमन. अपुऱ्या पत्त्याचा पत्र पोचवूक तुका येता," आबा म्हणाले. "पयली ज्येची त्येका दी. मगे उरतली ती तुझी."

माझ्या घड्याळं जमवण्याची सुरुवात ही अशी झाली. घड्याळं जमवणारे बरेच जण बाजारात शोधतात, विकत घेतात. माझ्याकडे ती डिलिव्हरीला आली.

चिठ्ठ्यांवर नावं फारच थोडी होती. आबा गिऱ्हाइकांना ओळखत, त्यामुळे नावाची गरज त्यांना पडली नसावी. 'देवबाग. झिलाचा. चावी फिरत नाय. ८ रु.' असं एक (झील म्हणजे मुलगा). 'आचरा, बाई, बारीक घड्याळ.' असं दुसरं. 'जावयाचं.' एवढंच तिसऱ्यावर. टपाल खात्यात अडतीस वर्षं काढल्यावर एक गोष्ट कळते की पत्ता अपुरा असला तरी तो खोटा नसतो. तुम्हाला वाडी माहीत हवी, आणि वाडीत कोणाला विचारायचं ते माहीत हवं. बहुतेक वेळा ते चक्कीवाल्याला विचारायचं असतं.

एकतीसपैकी बावीस घड्याळं एचएमटीची होती. बाकीच्यांत दोन फाव्र ल्युबा, एक वेस्ट एंड, काही नाव पुसलेली स्विस आणि एक सीको. हे प्रमाण बघूनच मला एचएमटीबद्दल कुतूहल वाटू लागलं. माझ्या मनगटावरही एचएमटीचंच कोहिनूर होतं, १९८६ साली नोकरी लागल्यावर पगारातून पैसे साठवून घेतलेलं. पण ते घड्याळ कुठून आलं, कोणी बनवलं, हा प्रश्न तेवीस वर्षांत मला पडला नव्हता. घरातल्या भिंतीसारखं ते होतंच.

तर ते आलं होतं बंगळुरूहून. हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजेच एचएमटी, ही सरकारी कंपनी १९५३ साली तिथे उभी राहिली, ती लेथसारखी यंत्रं बनवायला. यंत्रं बनवणारी यंत्रं. स्वातंत्र्य मिळून सहा वर्षं झालेल्या देशाला कारखाने हवे होते आणि कारखान्यांना ही यंत्रं हवी होती. घड्याळ त्यात कुठून आलं? मला याचं पटलेलं उत्तर असं की लोखंडाला अगदी बारीक मापात कापण्याची विद्या हाती असली की घड्याळ फार दूर राहत नाही. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूला मनगटी घड्याळांचा कारखाना सुरू झाला. तयार झालेली पहिली घड्याळं पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते बाहेर आली. त्याआधी आपल्याकडे मनगटावर असायचं ते बाहेरून आलेलं, आणि ते ज्याला परवडायचं त्याच्याच मनगटावर. आमच्या वाडीत माझ्या लहानपणी एकच घड्याळ होतं, ते खोताच्या घरात, आणि तेही भिंतीवरचं.

जपानच्या त्या कंपनीच्या नावाची गोष्ट मला फार आवडते. १९२४ मध्ये त्यांनी खिशातलं घड्याळ काढलं, त्याला 'सिटिझन' हे नाव टोकियोचे महापौर राहिलेल्या गोटो शिम्पेई यांनी सुचवलं. घड्याळ ही तेव्हा तिथेही श्रीमंतांची वस्तू. ती साध्या नागरिकाकडे असावी, असा त्या नावामागचा विचार. आणि त्याच कंपनीकडून शिकून आपण जे हाताने चावी द्यायचं घड्याळ बनवलं, त्याचं नाव 'जनता'. तबकडीवर देवनागरीत 'जनता' लिहिलेली घड्याळं तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. एका नावातून दुसरं नाव जाणूनबुजून काढलं की नाही, हे मला ठाऊक नाही असं म्हणण्यापेक्षा ही दोन नावं शेजारी ठेवून बघायला मला समाधान वाटतं, एवढंच म्हणतो.

डब्यातल्या बावीस एचएमटींमध्ये नऊ जनता होती. बाकी पायलट, जवान, सोना, तरुण, सुजाता, कांचन. ही नावं मी मोठ्याने वाचली तर आमच्या शाळेतला हजेरीपट वाचल्यासारखं वाटतं.

पहिलं घड्याळ पोचवलं ते दांडीच्या किनाऱ्यावर. चिठ्ठी होती, 'दांडी. रापणवाला. पडला.' घड्याळ पडलं की माणूस पडला ते कळत नव्हतं. सत्तरीचे गृहस्थ जाळं विणत बसले होते. मी घड्याळ पुढे केलं, त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले की होडीतून उतरताना मनगटावरून सुटून खडकावर पडलं होतं.

मी विचारलं, दर्यावर घड्याळाचा काय उपयोग व्हायचा? ते म्हणाले, "दर्याक घड्याळ लागणा नाय. बाजाराक लागता." आणि मग त्यांनी मला भरतीचा हिशोब समजावला. तो कोकणात किनाऱ्यावरच्या बहुतेक जुन्या माणसांना तोंडपाठ असतो, पण मी वरच्या वाडीतला, मला कोणी शिकवला नव्हता. तिथीची पाऊणपट करायची. आज पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. रोज पाऊण तास, थोडी जास्तच, भरती पुढे सरकते. म्हणजे ज्या माणसाला तिथी ठाऊक आहे त्याला दर्याची वेळ आयती ठाऊक आहे. घड्याळ हवं ते लिलावाला, बर्फाच्या गाडीला आणि एसटीला. "आता बाजाराक झील जाता. त्येच्याकडे मोबाइल. ह्या तूच ठेव," असं म्हणून त्यांनी घड्याळ माझ्या मुठीत बंद केलं.

माझ्या संग्रहातलं हे पहिलं. जनता, सतरा ज्वेल, तबकडीवर खाली 'पॅराशॉक' लिहिलेलं.

हे घड्याळ दुरुस्त करायचं म्हणून मी आबांकडे संध्याकाळी जाऊ लागलो. दुकान बंद होतं पण हत्यारं घरी होती. आबा सांगत, मी करत असे. त्यांचे हात कापत होते, माझे अनोळखी होते. मागचं झाकण उघडल्यावर आत दिसतं त्याला आबा 'मशीन' म्हणत. मधोमध बॅलन्स, म्हणजे पुढेमागे हेलकावणारं चाक, आणि त्याच्या पोटात केसाइतकी बारीक गुंडाळलेली हेअर स्प्रिंग. हे चाक तासाला १८,००० ठोके देतं. सेकंदाला पाच. दिवसाला चार लाख बत्तीस हजार. घड्याळ दिवसाला अर्धा मिनिट मागे पडलं की आपण तक्रार करतो, पण त्या चाकाने ८६,४०० सेकंदांत फक्त तीस चुकवलेले असतात, तेही घामाच्या हातावर, सायकलच्या हादऱ्यांत. हे कळल्यापासून मी घड्याळाला 'मागे पडतं' असं म्हणताना जरा थांबतो.

त्या चाकाच्या दांड्याची टोकं केसासारखी बारीक असतात आणि ती माणकांत फिरतात. सतरा ज्वेल म्हणजे सगळ्या मशीनमध्ये मिळून अशी सतरा माणकं. लोखंड लोखंडावर घासलं तर झिजतं, माणकात घासलं तर फार कमी झिजतं, म्हणून ती घालतात. ती कारखान्यात बनवलेली माणकं असतात, त्यांना सोनाराकडे काही मोल नाही. वायरीच्या एका आजीने मला फार आशेने विचारलं होतं की सतरा माणकं काढून नातीच्या कुड्यांत बसतील का. मी तिला झाकण उघडून ती दाखवली. तांबडे कण, मोहरीपेक्षा लहान. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ऱ्हवांदे. तांकां तेंचा काम करूंदे."

पॅराशॉक ही सिटिझनची युक्ती. बॅलन्सचं माणिक घट्ट न बसवता बारीक स्प्रिंगवर बसवायचं, म्हणजे धक्का बसला की माणिक थोडं सरकतं आणि दांड्याचं टोक वाचतं. जपानात १९५६ साली हे घड्याळ आलं तेव्हा ते हेलिकॉप्टरमधून खाली टाकून लोकांना दाखवलं होतं. दांडीच्या काकांचं घड्याळ खडकावर पडूनही बॅलन्स शाबूत होता. बिघडलं होतं ते चावीच्या दांड्यात, ज्याला स्टेम म्हणतात. तो गंजून जागेवर बसला होता.

कोकणातल्या घड्याळाचं मरण बहुतेक वेळा याच वाटेने येतं. चावीच्या भोकातून खारी हवा आत जाते. देशावरची घड्याळं धुळीने थांबतात, आमची मिठाने. आबा म्हणत की किनाऱ्यावरचं घड्याळ आणि किनाऱ्यावरचं सायकलचं हँडल सारखंच, दोन पावसाळे दुर्लक्ष केलं की संपलं. मी माझी घड्याळं आता हवाबंद स्टीलच्या डब्यांत ठेवतो, औषधांच्या बाटल्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या सोबत घालून. मिरगापासून दिवाळीपर्यंत डबा फक्त कोरड्या उन्हाच्या दिवशी उघडायचा. चावी महिन्यातून एकदा द्यायची, पण तेल बदललेल्या घड्याळालाच. तुमच्या कपाटात वडिलांचं घड्याळ वीस वर्षं पडून असेल तर कृपा करून लगेच चावी देऊन बघू नका. आतलं तेल सुकून डिंक झालेलं असतं. आधी कोणाकडून तरी मशीन उघडून धुऊन घ्या.

आता चिंदरचं घड्याळ. याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे.

चिठ्ठी अशी होती: 'चिंदर. गिरणीवाला. ऑइलिंग. १५ रु. पैसे आले की.' खाली तारीख, १९८३ च्या मे महिन्यातली.

ज्यांना कोकण माहीत आहे त्यांना १९८३ आणि गिरणी हे दोन शब्द पुरे आहेत. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. तो संप कधी रीतसर मागे घेतला गेलाच नाही. त्या कामगारांत आमच्या जिल्ह्याची माणसं घरटी एक म्हणावीत इतकी होती. मी १९८६ ला खात्यात आलो तेव्हा माझ्या आधीचे पोस्टमन सांगत की संपाआधी महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मनीऑर्डरींची चळत एका हातात मावत नसे, आणि मग एका वर्षात ती एवढी बारीक झाली की बोटांत धरता यावी. दारात बसून वाट बघणाऱ्या बायकांना 'आज नाही' सांगणं त्यांना फार जड जाई. काही जण वाट वाकडी करून जात.

चिंदरचे ते गृहस्थ भेटले तेव्हा खळ्यात सुपाऱ्या वाळत घालत होते. वय ऐंशीच्या जवळ. मी चिठ्ठी वाचून दाखवली. त्यांनी घड्याळ कानाला लावलं. ते मी आणि आबांनी चालू करून ठेवलं होतं.

ते गिरणीच्या साचे खात्यात, म्हणजे मागांवर, होते. घड्याळ त्यांनी दादरला घेतलं होतं. तेव्हा एचएमटी दुकानात गेलं आणि मिळालं असं नव्हतं, मागणी जास्त आणि माल कमी, त्यामुळे सांगून ठेवावं लागे. गणपतीला गावी आले तेव्हा सगळ्या वाडीने ते हातात घेऊन पाहिलं. पाळीला जायची वेळ मात्र त्यांना घड्याळाने कधी सांगितली नाही, ती भोंग्याने सांगितली. लालबाग-परळमधला माणूस भोंग्यावर उठे, भोंग्यावर जेवे. घड्याळ होतं ते सुट्टीसाठी. रविवारी घालायचं, फोटो काढताना घालायचं, गावच्या गाडीत बसताना घालायचं.

संपात ते गावी परतले. येताना घड्याळ बंद पडलं होतं, आबांकडे टाकलं. पंधरा रुपये जमले नाहीत. मग जमले तेव्हा दुसरं काही आलं. "भोंगो बंद झालो. मगे घड्याळ बघून करूचा काय?" असं ते म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत.

थोड्या वेळाने उठून आत गेले आणि पंधरा रुपये घेऊन आले. दहाची एक नोट आणि पाचचं नाणं. मी नको म्हटलं. तर म्हणाले की ऑइलिंग झालं आहे ना, मग. मी ते पैसे संध्याकाळी आबांना दिले. आबांनी ते मोजले, देवाच्या फळीवर ठेवले आणि जुन्या वहीत त्या पानावर रेघ मारली. अठ्ठावीस वर्षांनी.

ते घड्याळ माझ्या संग्रहात नाही. असू नयेच.

सगळी घड्याळं अशी जड नव्हती. सीकोची गोष्ट चांगली आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत रत्नागिरी-सिंधुदुर्गातली माणसं कुवेत, दुबईला नोकरीला गेली आणि येताना सीको फाइव्ह आणू लागली. त्या सीकोवर चिठ्ठी होती, 'चावी लागत नाय.' आबांनी ते कधी उघडलंच नव्हतं, गर्दीत राहून गेलं. मी हातात घेऊन हलवलं आणि काटा चालायला लागला. ते घड्याळ ऑटोमॅटिक, हात हलला की आपोआप गुंडाळलं जाणारं. त्या जुन्या सीको फाइव्हला चावी देण्याची सोयच नाही. आणणाऱ्याने भावाला भेट दिली होती आणि भाऊ रोज सकाळी एचएमटीसारखी चावी द्यायला बघायचा. मी ते खाडीपलीकडे त्यांच्या मुलाकडे दिलं, आता तो ते रोज वापरतो.

'जावयाचं' लिहिलेलं घड्याळ कांचन होतं. एचएमटीचं हे ऑटोमॅटिक. लग्नात जावयाला कांचन देणं ही तेव्हा मोठी गोष्ट, काही ठिकाणी ते मागूनही घेत, आणि ते मला कधीच रुचलं नाही. सासऱ्यांच्या दारात गेलो तर त्यांनी जावयाचं नावही काढू दिलं नाही. आठवड्याने त्यांची मुलगी पोस्टात आली आणि घड्याळ घेऊन गेली. मी काही विचारलं नाही.

सुजाताबद्दल लिहायला मला जड जातंय, पण लिहितो.

'आचरा, बाई, बारीक घड्याळ.' सुजाता हे एचएमटीचं बायकांचं घड्याळ, पुरुषांच्या घड्याळाच्या निम्म्याहून थोडं मोठं. बाई म्हणजे शाळेतल्या बाई हे मला चक्कीवर लगेच कळलं. पण मी गेलो ते नेमके गावपळणीचे दिवस. आचऱ्याला दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन सगळं गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जातं, गुरंढोरं, कोंबड्यांसकट. माझ्या थैलीतलं टपाल तसंच राहिलं आणि सुजाताही. वाटलं, तीन दिवस आहेतच, तर घड्याळ जरा छान करून देऊ. तबकडी फार डागाळली होती. मी मुंबईला जाणाऱ्या एकाबरोबर ते एका कारागिराकडे पाठवलं आणि तीन दिवसांचे तीन आठवडे झाले. परत आलं ते लखलखीत. तबकडी पांढरी शुभ्र, अक्षरं नवी काळीभोर.

बाईंनी चश्मा लावला. बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "चाराजवळचा डाग कुठे गेला?"

मी सांगितलं की साफ करून आणलंय.

"चाराजवळ तपकिरी डाग होता. वर्गात गळायचं, पहिल्या पावसात पाणी आत गेलं त्याचा. चार वाजले की तो डाग झाकला जायचा आणि मी मुलांना सोडायचे." घड्याळ त्यांनी माझ्याकडे परत दिलं. "पोस्टमन, हे घड्याळ माझं नाही. तुम्हीच ठेवा."

तबकडी 'रिडायल' करणं म्हणजे काय हे मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. जुनी तबकडी काढून ठेवत नाहीत. तीच घासून, रंग देऊन, तिच्यावर पुन्हा छापतात. म्हणजे तो डाग जगात कुठेच उरला नाही. तो मीच पुसला. आबांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले की मला विचारायचं होतंस.

म्हणून आज ऑनलाइन बाजारात 'अगदी नवं' म्हणून विकली जाणारी एचएमटी पाहिली की मला वाईट वाटतं. लाल, हिरव्या, निळ्या तबकड्या. अक्षरांच्या कडा जाड, ओळी किंचित तिरक्या, एकाचे काटे दुसऱ्याला. मशीन खरं असतं बिचारं. ज्यांना नुसतं घालायला हवं त्यांनी जरूर घ्यावं, चालतं ते. पण त्यातलं कोणाचं तरी घर पुसून टाकलेलं असतं. मी आता डब्यातल्या एकाही घड्याळाची तबकडी साफ करत नाही. काच बदलतो, मशीन धुतो, तेल देतो, पट्टा नवा घालतो, तिथे थांबतो.

एचएमटीचं पुढे काय झालं ते थोडक्यात. बंगळुरूनंतर श्रीनगर, तुमकूर आणि नैनिताल जिल्ह्यातलं राणीबाग इथे कारखाने झाले. बनलेल्या घड्याळांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली. 'देश की धडकन' ही त्यांची ओळ जाहिरातीपुरती नव्हती. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी निवडून निवडून तयार केलेल्या बारीक तांदळाला त्या काळच्या या लाडक्या घड्याळाचंच नाव पडलं, आणि एचएमटी तांदूळ आजही दुकानात मिळतो. घड्याळाच्या नावाचा भात जेवणारे आपणच असू.

घाव घातला तो क्वार्ट्झने. १९६९ च्या नाताळात जपानच्या सीकोने पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं. विजेवर थरथरणारा स्फटिक, चावी नको, तेल नको. आज साध्या क्वार्ट्झमधला स्फटिकही सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, आपला बॅलन्स पाचच ठोके देतो. १९८४ मध्ये टाटा आणि तमिळनाडू सरकारचं महामंडळ यांनी मिळून टायटन काढली, होसूरला कारखाना उभारला आणि क्वार्ट्झवर भर दिला. एचएमटीनेही क्वार्ट्झ बनवलं, पण लोक एव्हाना घड्याळाकडे दागिन्यासारखं बघू लागले होते आणि एचएमटी अजून ते रेशनवरच्या तांदळासारखं, सगळ्यांना पुरेल असं बनवत होती. मला यात तिचा दोष कमी आणि मोठेपण जास्त दिसतं, पण बाजार तसं बघत नाही. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली.

२०२४ ला निवृत्त झाल्यावर पहिला प्रवास मी बंगळुरूचा केला. सावंतवाडीहून रात्रीची गाडी धरली. तिथे २०१९ साली सुरू झालेलं एचएमटीचं संग्रहालय आहे. लालबागेत एचएमटीचं फुलांचं घड्याळही आहे, तेही पाहिलं. संग्रहालयात मांडलेली घड्याळं सुंदर आहेत, निष्कलंक. मी दांडीच्या काकांचं जनता हातात घालून गेलो होतो. ते तिथल्या कोणत्याही घड्याळापेक्षा जास्त ओरखडलेलं होतं, आणि वेळ अचूक दाखवत होतं.

आबा २०१३ मध्ये गेले. आतापर्यंत चौदा घड्याळं घरी पोचली. नऊ मालकांनी किंवा त्यांच्या मुलांनी मला दिली, ती माझा संग्रह. पाच जणांच्या घरी आता कोणीच नाही, ती घड्याळं मी वेगळ्या डब्यात ठेवली आहेत. त्यांना माझी म्हणायला अजून जीभ वळत नाही.

राहिली तीन. त्यातल्या दोन चिठ्ठ्यांची अक्षरं वाळवीने खाल्ली आहेत. तिसरं घड्याळ पायलट आहे, काळी तबकडी, पांढरे आकडे, काचेला एकच्या वर चीर. चिठ्ठीवर गाव नाही, वाडी नाही, पैसे नाहीत. 'उद्या नेतो म्हणाला' एवढंच आहे. घड्याळाच्या पाठीवर कोणीतरी हाताने दोन अक्षरं कोरली आहेत. ती मी इथे लिहीत नाही. ज्याचं असेल त्याला किंवा त्याच्या घरच्यांना ती ठाऊक असतील. सांगा, मी आणून देतो. मालवण तालुक्यात कुठेही, पायवाट असली तरी चालेल.